मागच्या दारातली सीट

कंपनीच्या गाड्या तपासणं हे माझं काम होतं. ब्रेक, टायर, वायपर, आग विझवायचं नळकांडं, औषधांची पेटी. निवृत्त होताना मला एक चंदेरी खेळण्यातली बस भेट मिळाली. मुलाने ती टीव्हीशेजारी ठेवली आहे. पाहुणा आला की तो सांगतो, "बाबांच्या हातून खराब गाडी कधी सुटली नाही." मी चहा पीत राहतो. उघड्या गटाराची येत नाही एवढी शिसारी मला या वाक्याची येते. तरी इतकी वर्षं मी ते खोडलं नाही.

गेल्या महिन्यात सुनेला ताप होता, म्हणून नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला मी गेलो. आम्ही स्नेहलतागंजमध्ये राहतो. बस कोपऱ्यावरच्या दवाखान्यासमोर थांबते. नात चढली आणि पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली. ती द्यायला मी वर चढलो. ती सगळ्यात मागे बसली होती, दोघांच्या सीटवर तिघी. त्या सीटच्या पाठीमागे लाल अक्षरांत 'आपातकालीन द्वार' लिहिलेलं होतं. दार उघडायची मूठ सीटच्या पाठीमागे दबली होती.

मी वाकून सीटखाली हात घातला. बोटांना आधी च्युइंगगम लागला, मग काहीतरी ओलसर, आणि मग नट लागला. दोन बाजूंना पाकळ्या असलेला, पान्याशिवाय हाताने फिरणारा. चारही पायांना तसेच.

"दादाजी, उतरो, लेट हो रिया है," ड्रायव्हर म्हणाला. पोरगेलाच होता.

मी उतरलो. घरी येऊन साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. घाण जात नव्हती, कारण ती च्युइंगगमची नव्हती. सीटला ते पाकळ्यांचे नट लावायची युक्ती माझीच होती.

आमच्या कारखान्याच्या बसेस शहरातून कामगार नेत-आणत. माणसं वाढली, बसेस वाढल्या नाहीत. व्यवस्थापकांनी प्रत्येक बसमध्ये मागच्या दारासमोर एक सीट टाकायला सांगितलं. नियमाने तिथे वाट मोकळी हवी. म्हणून आरटीओच्या फिटनेस तपासणीला गाडी नेण्याआधी सीट काढायची आणि परत आली की लावायची, असं चालायचं. दर वेळी गंजलेले बोल्ट काढायला मिस्त्री लागायचा, अर्धा दिवस जायचा. मी तपासनीस. मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी सियागंजात गेलो आणि हार्डवेअरच्या दुकानातून पाकळ्यांचे नट आणले. माझ्याबरोबर आमच्या एका बसचा ड्रायव्हर होता, मल्हारगंजचा, मराठीच. पिशवी त्यानेच उचलली. वाटेत तो म्हणाला, "साहेब, ही सीट काढायची सोय झाली. पण घाईत लोकं कशी काढणार?"

मी म्हणालो, "हातानेच तर फिरतो नट."

व्यवस्थापकांनी माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, हेही इथे लिहायला हवं.

एका पावसाळ्यात सकाळच्या पाळीची बस रस्त्याच्या कडेचा मुरूम खचून डाव्या अंगावर आडवी झाली. चालवत तोच होता. वेग काहीच नव्हता. पण चढायचं दार खाली दबलं आणि सगळी माणसं मागच्या दाराकडे लोटली. नट हाताने फिरतात, पण वर माणसांचा भार आल्यावर ते कुणालाच फिरवता येईनात. लोक सीटवरून, एकमेकांवरून चढून बाहेर पडले. पॅकिंगमधल्या एका बाईचा पाय सीटच्या आणि दाराच्या चौकटीच्या मध्ये सापडला. पुढे तो गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी व्यवस्थापकांच्या खोलीत झाली. एसी चालू होता, समोसे आले होते. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या तपासणीच्या दिवशी ती सीट होती का?"

"नव्हती."

शब्दन् शब्द खरा होता. माझी तपासणी फिटनेसच्या दिवशी व्हायची, आणि त्या दिवशी ती कधीच नसायची.

मग ठरलं की ड्रायव्हरने बाहेरची सवारी बसवण्यासाठी सीट परस्पर टाकली. तो दाराशी उभा होता. तो म्हणाला, "नट साहेबांनी आणले. मी सोबत होतो, विचारा त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "घाबरलाय बिचारा. काहीही बोलतोय."

'बिचारा' हा शब्द मी वापरला. आज इतकी वर्षं तो शब्द माझ्या तोंडात कुजतो आहे. त्याची नोकरी गेली. बाईचं पुढे काय झालं, ती कुठे आहे, मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलं नाही. खोटं बोलून झाल्यावर मी त्या खोलीतच समोसा खाल्ला.

नट सापडला त्या दिवशी दुपारी मी शाळेच्या बसेस बघणाऱ्या माणसाला फोन केला. तो गोड बोलला. "अंकल, टेन्शन नका घेऊ. पासिंगला काढतो ना आम्ही ती सीट."

"पासिंगला नाही, रोज काढून ठेवायला हवी."

"सब यही करते हैं, अंकल. बसची बॉडी बांधणारे लावूनच देतात. पुराना तरीका है."

पुराना तरीका. मी फोन ठेवला आणि बेसिनमध्ये ओकलो.

दुसऱ्या दिवशी मल्हारगंजात गेलो. ड्रायव्हरचं घर मला नीट आठवत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी पोहे खाणाऱ्या दोघांना विचारलं, पूर्वी कारखान्याची बस चालवायचे ते.

"कौन, सीटवाले?" एकजण म्हणाला. दुसरा हसला. "भिया, सीट रिझर्व्ह करवानी है क्या? आगे चक्की पे बैठे हैं."

तो भाच्याच्या पिठाच्या गिरणीत बसला होता. भुवयांवर पीठ. त्याने मला लगेच ओळखलं, पण उठला नाही.

"गहू आणलेत का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग बाजूला व्हा साहेब, गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक गेल्यावर मी बोललो. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं, म्हणून माफीसुद्धा भांडणासारखी ऐकू येत होती. नट मी आणले, सीट मी टाकली, त्या खोलीत मी खोटं बोललो. त्याने चाळण आपटली.

"हे मला काय सांगता? मला तर माहीतच आहे. मी सोबत होतो."

तो पुन्हा पीठ चाळायला लागला.

"ह्या गल्लीत मला सीटवाले म्हणतात. लेकीच्या सासरी म्हणतात. नातवाला शाळेत म्हणतात, त्याला तर कारणसुद्धा माहीत नाही. आणि तुम्ही माझ्या कानात सांगायला आलात."

मग मी शाळेच्या बसचं सांगितलं. तेव्हा मात्र त्याने हात थांबवला. "तेच नट?"

"तेच."

"बस कुठे थांबते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याआधीच दवाखान्यासमोर उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, चपलांवर पीठ. बस आली, नात चढून मागे बसली. त्याने पोरगेल्या ड्रायव्हरला सांगितलं, "चावी काढ बेटा, दोन मिनिटं," आणि तो आत गेला. मागच्या मुलींना उठवलं, खाली बसला आणि नट फिरवले. मोकळी सीट, चारही नट सहज निघाले. ती सीट आडवी धरून त्याने खाली आणली आणि रस्त्यावर ठेवली. खालच्या बाजूला बिस्किटांचा चिखल, केस, वाळलेली ओकारी. मुलींनी नाकं दाबली.

आई-वडील जमले. एका वडिलांनी हेल्मेट न काढताच विचारलं, "ओ भिया, आप हो कौन? सीट आपकी है क्या?"

मल्हारगंजच्या ड्रायव्हरने माझ्याकडे बोट केलं. "माझी नाही. ह्यांची आहे. ह्यांना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. त्या खोलीतही असेच वळले होते. आमच्या गॅलरीत मुलगा दात घासत उभा होता.

मी सांगितलं. हिंदीत, कारण बहुतेकांना मराठी येत नव्हतं. ही सीट मागच्या दारात टाकायची पद्धत माझ्या कंपनीची, पटकन काढायचे नट माझे. एका बाईचा पाय त्यात गेला. हा माणूस बस चालवत होता, दोष याचा नव्हता. मी खोटं बोललो म्हणून याची नोकरी गेली.

मग एक आई म्हणाली, "वो सब ठीक है दादाजी, पर अब ये तीन बच्चियाँ बैठेंगी कहाँ?"

दुसरी म्हणाली, "हाँ, मोबाईलपे शिकायत कर देते, सीट निकालने की क्या जरूरत थी."

मला त्या बायकांचा राग आला आणि लगेच कळलं की असं विचारणाऱ्या माणसाला मी ओळखतो. मीही हेच विचारलं असतं. मी माझ्या नातीला खाली उतरवलं. हेल्मेटवाल्याने थोडा विचार केला आणि आपल्या मुलीलाही उतरवून स्कूटरवर बसवलं. तिसरी पुढे कुणाच्या मांडीवर गेली. बस निघाली. मागचं दार रिकाम्या जागेतून स्वच्छ दिसत होतं.

मुलाने गॅलरीतून हाक मारली, "बाबा, वर या." आवाज नेहमीचा नव्हता.

"येतो," मी म्हणालो. नातीला जिन्यापर्यंत सोडलं, पण वर गेलो नाही. ड्रायव्हरने ई-रिक्षा थांबवली होती.

"चला," तो म्हणाला. "इथल्या लोकांना मी कोण, काय. माझ्या गल्लीत सांगायचंय. पोहेवाल्यासमोर, आत्ता गर्दी असते. मग लेकीच्या सासरी."

"येतो."

"सीट घ्या."

ती जड होती. मी ती उचलून मांडीवर घेतली तेव्हा ओला रेक्झिन माझ्या धोतराला चिकटला. तो शेजारी बसला, पण त्याने हात लावला नाही. मल्हारगंजच्या वळणावर सीट घसरायला लागली.

"नीट धरा," एवढंच तो म्हणाला.

रिक्षावाला आरशातून बघत होता. "दादाजी, ये कबाड़ कहाँ से उठा लाए?"

शेजारी बसलेला ड्रायव्हर माझ्याकडे वळला. तो वाट पाहत होता.

"उठा के नहीं लाया," मी म्हणालो. "मेरी ही है."