किनाऱ्याला न लागलेला कप्तान

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी रॉटरडॅमच्या मेट्रोत उभा होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, तुमचा मित्र गेला..." माझं स्टेशन आलं आणि गेलं, मी उतरलोच नाही.

बंदरातल्या जहाजांच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा हा पुणेकर श्रीधर उरलेल्या वेळात कादंबरी लिहीत होता. काही शतकांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅमहून निघून अमेरिकेचा किनारा धुंडाळणाऱ्या एका कप्तानाची. पुढच्या एका सफरीत खलाशी उलटले आणि त्याला आणि त्याच्या कोवळ्या मुलाला बर्फाळ पाण्यात उघड्या होडीत सोडून निघून गेले. ते बापलेक पुन्हा कुणाला दिसले नाहीत. श्रीधरच्या कादंबरीत मात्र ते वाचणार होते. कसे, तिथेच गाडं अडलं होतं.

म्हणून एका ऑक्टोबरात तो मला आयसेलमेरच्या तळ्यावर शिडाच्या होडीतून घेऊन गेला. दुपारी वारा फिरला. शीड फाटलं, पाणी आत येऊ लागलं, किनारा दिसेनासा झाला. मी ओरडलो, "श्री, फोन लाव कुणाला तरी!" फोन भिजून बंद पडले होते. त्याचा चेहरा पांढराफटक. "मला पोहता येत नाही रे," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हे मला ठाऊक नव्हतं... मग त्याने बादली उचलली. "तू सुकाणू धर. वाऱ्याशी भांडू नकोस, नेईल तिकडे जाऊ." हात सोलवटेपर्यंत तो पाणी उपसत राहिला. अखेर होडी काठच्या बोरूच्या दाट झुडपांत रुतली, तेव्हा गुडघाभर चिखलात उभा राहून तो रडला. "कप्तान एकदाही आठवला नाही रे. फक्त ईरा आठवली." ईरा त्याची मुलगी.

घरी येऊन त्याने शूर कप्तानाचं प्रकरण फाडून टाकलं. नव्या प्रकरणात बाप नुसता पाणी उपसतो, पोराला झोप लागावी म्हणून.

मग आजार निघाला. केमोच्या दिवसांत तो सांगायचा, मी टाइप करायचो. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "आज पोचवायचं का बापलेकांना किनाऱ्याला?" "आज नको, दमलोय..." म्हणाला.

परवा झूटरमेरला त्याच्या घरी गेलो. माडीवरच्या खोलीत ईरा त्याच्या खुर्चीत बसली होती. मराठी कळणारी, पण उत्तर डचमध्ये देणारी ही मुलगी. तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून मी शेवटचं पान वाचून दाखवलं आणि थांबलो. मग ती अडखळत मराठीत म्हणाली, "काका, मी सांगते. तुम्ही लिहा. आधी मुलगा उतरतो... मग तो बाबाला हात देतो."