लिफ्टमधला वजनकाटा

आमचे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहेत. लिफ्टमध्ये उभे राहिले की नुसत्या तळपायांवरून ते तिची तब्येत ओळखतात. पण गुडघे कुरकुरू लागले आणि छतावरच्या मशिनरूमची लोखंडी शिडी नकोशी झाली. पर्यवेक्षक झाल्यावर शिडी सुटणार होती. त्यासाठी परीक्षा होती. भौतिकशास्त्रात दाजी एकदा आपटले होते. आता शेवटची संधी.

बहीण कॉलेजात हाच विषय शिकवते. तरी दाजींचं घोडं एकाच जागी अडायचं. लिफ्ट सुटताना त्वरण वाढत जातं, मग कमी होत शून्यावर येतं. त्या क्षणी वेग किती? दाजी बेधडक शून्य लिहीत. लिफ्ट चालू असते हे त्यांना का ठाऊक नव्हतं? पण कागद समोर आला की ते पायांचंच ऐकत, आणि पायांना तेव्हा काहीच जाणवत नसे. बहिणीने समजावलं, चिडून पाहिलं, एक दिवस अबोलाही धरला.

मग एका रविवारी तिने घरातला वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवला आणि दाजींना त्यावर उभं केलं. मी कॉमर्सवाला, माझ्याकडे मजले मोठ्याने वाचायचं काम. लिफ्ट सुटली तसा बहात्तरचा काटा ऐंशीच्या पुढे गेला. दाजी म्हणाले, कालचं जेवण अंगी लागलं. तोवर काटा बहात्तरवर परतला.

"अहो, काटा जागेवर आला. थांबली का लिफ्ट?"

मी चार, पाच, सहा वाचतच होतो.

बहीण म्हणाली, प्रत्येक क्षणाच्या रेट्याने थोडा थोडा वेग मिळतो, तो सगळा साठतो. रेटा संपला म्हणजे नवी भर थांबली, साठलेला वेग कुठे जात नाही.

वरचा मजला जवळ आला, काटा बहात्तरच्या खाली घसरला. दाजी हळूच म्हणाले, "म्हणजे साठलेलं काढून घेतल्याशिवाय ही थांबतच नाही."

घरी येऊन त्यांनी नेहमीचं उदाहरण घेतलं: त्वरण 3t − 1.5t². क्षणाक्षणाची बेरीज, म्हणजे संकलन, केलं. वेग आला 1.5t² − 0.5t³. दोन सेकंदांनी त्वरण शून्य, वेग सेकंदाला दोन मीटर. त्या उत्तराखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

दाजी पास झाले. शिडी आता दुसरे चढतात. वजनकाटा मात्र घरी परतलेला नाही. तो त्यांच्या कामाच्या पिशवीत असतो. बहीण म्हणते, बरंच झालं, तेव्हापासून घरात कुणाचं वजन वाढलेलं नाही.