सहाव्या ओळीवर माझ्या मुलीचं नाव

"डू यू ओन अ होम इन धिस काऊंटी, मॅम?"

स्कूल बोर्डाच्या अध्यक्षानं मला माईकवरून विचारलं. मी बोलायला उभी राहून मिनिटही झालं नव्हतं. मी म्हटलं, "नो सर. वुई रेंट." तो हसला. रागानं हसला असता तर बरं वाटलं असतं. लहान पोरीला दुसरं चॉकलेट नाकारताना हसतात, तसा हसला. म्हणाला, "देन लेट्स हिअर फ्रॉम द टॅक्सपेयर्स फर्स्ट." आधी कर भरणाऱ्यांचं ऐकू. म्हणजे भाड्यानं राहणारीनं नंतर बोलावं, जमलं तर. सभागृहात हशा पिकला.

मी बसले.

हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. मला कुणी हाताला धरून बसवलं नाही. मीच बसले. मी काम करायचे त्या हॉस्पिटलच्या लॅबमधल्या टाइपरायटरवर जेवणाच्या सुट्टीत टाइप केलेलं तीन मिनिटांचं भाषण होतं हातात. त्याची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि खाली मान घालून बसले. अध्यक्षानं पुन्हा माझं नाव पुकारलंच नाही.

हसणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. पुण्याचे, मोठे इंजिनीअर. अमेरिकेतल्या आमच्या गावातले सगळे मराठी लोक त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. बोर्डानं नेमलेल्या पालक सल्लागार समितीत ते होते, पहिल्या रांगेत बसायचे. आम्ही नवीन आलो तेव्हा त्यांनी दिवाळीला घरी बोलावलं होतं. चकली पुढं करत विचारलं होतं, "आडनावावरून नीट कळत नाही. मूळ गाव कुठलं?" मी म्हटलं, "नागपूर." "हो, पण नागपुरात कुठे?" मी वस्तीचं नाव सांगितलं. मग त्यांना कळलं. पुढच्या दिवाळीला फोन आला नाही.

सभा सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला गाठलं.

"वहिनी, एक सांगू? राग मानू नका. इथे आपली इमेज बिल्ड करायला आम्हाला पंधरा वर्षं लागलीत. तुम्ही एकदम माईकवर जाऊन कंप्लेंट करता. इथेही तुमचं ते सुरूच?"

तुमचं ते. कशाला 'ते' म्हणतात, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. मी गाडीत बसले. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. एवढा मोठा समुद्र ओलांडून आले, आणि 'ते' माझ्या आधी इथं येऊन बसलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतली एक काऊंटी. नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथंच आहेत. काऊंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. अख्ख्या जिल्ह्याच्या सरकारी शाळा एका बोर्डाच्या हातात. सात माणसं, निवडून आलेली. घराजमिनीवर शाळेसाठी किती कर लावायचा ते तेच ठरवतात. राज्य सरकारही पैसा देतं. सगळा एका हंड्यात जमा होतो आणि मग हे सात जण वाढायला बसतात. कुठल्या शाळेच्या पानात काय पडेल ते त्यांच्या हातात. मतदान सगळ्या काऊंटीचं एकत्र, आणि मतं जास्त उत्तरेच्या मोठ्या घरांत. त्यामुळे सातपैकी सहा उत्तरेचेच होते. आम्ही दक्षिणेला, हायवेच्या अलीकडे, अपार्टमेंट्समध्ये.

मी त्या सभेत गेले ती एका पुस्तकापायी.

माझी मुलगी चौथीत होती. तिनं सायन्सचं पुस्तक घरी आणलं. अमेरिकेत पुस्तकं शाळेची असतात, वर्षाअखेर परत द्यायची. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असतो. वर शाळेच्या नावाचा शिक्का, खाली ओळी. प्रत्येक ओळीत वर्ष, मुलाचं नाव, आणि शेवटचा रकाना 'कंडिशन'. न्यू, गुड, फेअर, पुअर. शिक्का आमच्या शाळेचा नव्हता. उत्तरेकडच्या एका शाळेचा होता. पाच ओळींत पाच मुलांची नावं. पहिल्यापुढं न्यू. पाचव्यापुढं पुअर. सहाव्या ओळीवर माझ्या मुलीचं नाव, तिच्याच अक्षरात.

एक कोपरा कुणीतरी चावलेला होता. दातांचे ठसे स्पष्ट दिसत होते. मधली पानं फाटलेली. मानवी शरीराचा धडा पोटापाशी संपत होता. मी दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या किडनीच्या टेस्ट करायचे, आणि माझ्या पोरीच्या पुस्तकात किडनीच नव्हती.

मी म्हटलं, "हे असलं पुस्तक कसं घेतलंस?"

ती म्हणाली, "इट्स ओके, आई. एव्हरीबडीज् बुक इज लाइक दॅट."

इट्स ओके. नऊ वर्षांच्या पोरीला ते ओके वाटत होतं. मला अध्यक्षाचं हसणं पुढं झोंबलं, पण सगळ्यात आधी झोंबलं ते हे.

मी सहा वर्षांची असताना आई एका वकिलाकडे धुणीभांडी करायची. त्यांच्या घरी लग्न होतं. आईनं पदरात बांधून जिलेबी आणली. मी अशी झडप घातली. तोंडापाशी नेली आणि वडिलांनी माझा हात धरला. जिलेबीला एका बाजूनं चावा घेतलेला होता. कुणाच्या तरी पानातून उचललेली होती ती. वडील आईवर ओरडले नाहीत. नुकतीच त्यांनी दीक्षा घेतली होती. एवढंच म्हणाले, "आपण आता उष्टं खात नाही." मी भोकाड पसरलं. मग ते मला कडेवर घेऊन चौकात गेले, विडीचे पैसे मोडले आणि दोन गरम जिलेब्या घेतल्या. दोन्ही मला दिल्या. स्वतः आठवडाभर विडी ओढली नाही. गिरणीत रात्रपाळी करणारा माणूस, विडीशिवाय त्याचं काय झालं असेल ते आता कळतं.

आणि मी? मी माईकसमोर जाऊन खाली बसले होते.

आमच्या खालच्या मजल्यावर लुईस राहायची. काळी बाई, पन्नाशीची, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिच्या चार पिढ्या त्याच काऊंटीत गेलेल्या. तिला सगळं सांगितलं. टॅक्सपेयर्सचं ऐकून ती इतकी हसली की तिला खोकला लागला.

"हनी, तो टॅक्स कोण भरतं असं वाटतं तुला? बिल्डिंग भरते?"

मी उठले, वर गेले, ड्रॉवर उपसला. अपार्टमेंटच्या मालकाचं पत्र होतं, मागच्याच वर्षीचं. काऊंटीचा कर वाढल्यामुळे भाडं वाढवत आहोत, असं स्वच्छ लिहिलेलं. मी स्वतः वाचलं होतं, सही करून एक प्रत परत दिली होती, वाढीव भाडं दर महिन्याला भरत होते. आणि माईकवर 'नो सर' म्हणून आले होते. एवढी शिकलेली मी, एम.एस्सी., स्वतःचा हक्क ड्रॉवरमध्ये ठेवून हिंडत होते. स्वतःच्या मूर्खपणाची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

लुईस म्हणाली, "मी शाळेत होते तेव्हाही आमची पुस्तकं पलीकडच्या शाळेतून यायची. तेव्हा तसा कायदाच होता, गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, आमच्या वेगळ्या. कायदा गेला. ट्रक तोच आहे."

तिनंच सांगितलं की बजेट मंजूर व्हायच्या आधी ते काऊंटी लायब्ररीत ठेवावं लागतं, कुणीही वाचू शकतं. मी चार संध्याकाळी जाऊन वाचलं. सायन्सची नवी पुस्तकं घ्यायची ठरली होती. पहिला टप्पा: उत्तरेच्या शाळा. दुसरा टप्पा, म्हणजे आम्ही: 'अ‍ॅज फंड्स परमिट'. निधी उपलब्ध झाल्यास. मी लायब्ररीत एकटीच हसले. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वस्तीचा नळ या वाक्यावर अकरा वर्षं अडला होता. आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंत उत्तरेची जुनी पुस्तकं आमच्या शाळांना.

त्याच आठवड्यात शाळेतून फॉर्म आला. पालकांनी सही करायची, की पुस्तक मिळालं आणि त्याची कंडिशन अमुक होती. आमच्यासाठी आधीच टाइप केलेलं होतं, 'फेअर'. मी ते खोडलं. तिथं पेनानं लिहिलं, देवनागरीत: उष्टं. सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी टीचरचा फोन. बिचारी तरुण पोरगी होती. "मला हे वाचता येत नाही," म्हणाली. मी म्हटलं, "याला इंग्रजी शब्द नाही. बोर्डालाच येऊन सांगते."

बजेटच्या सुनावणीला मी मुलीला बरोबर नेलं. लुईसही आली, कामावरचा एप्रन तसाच. माझं नाव पुकारलं. अध्यक्षानं मला ओळखलं आणि पुन्हा तेच हसू काढलं. या वेळी मी त्याला विचारायला वाव दिला नाही. मालकाचं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, "मी घरमालक नाही. पण या कराचा पैसा माझ्या भाड्यातून जातो. त्या हंड्यात माझंही आहे." मग पुस्तक वर धरलं. चावलेला कोपरा दाखवला. पाचही कंडिशन वाचल्या. शेवटी म्हटलं, "सहाव्या ओळीवर माझी मुलगी आहे. तिच्या कंडिशनच्या फॉर्मवर मी एक शब्द लिहिलाय. उष्टं."

टेबलाच्या टोकाला टायपिस्ट बसली होती. तिनं मान वर केली. अध्यक्ष पहिल्या रांगेकडे वळला. "तुम्ही इंडियाचे ना? काय अर्थ याचा?"

काका उठले. टाय सारखा केला. "इट मीन्स यूज्ड, सर. सेकंडहँड."

सेकंडहँड. आमची गाडी सेकंडहँड होती, सोफा सेकंडहँड होता. त्याची मला कधी लाज वाटली नाही. पैसे मोजून, पसंत करून आणल्या होत्या त्या वस्तू. या माणसाला 'उष्टं' या शब्दाचा अर्थ माझ्याइतकाच माहीत होता. त्याच्या घरात तो रोज बोलला गेला असणार. आणि माझ्यासमोर, माझ्या मुलीसमोर, तो शब्द धुऊन पुसून त्यानं साहेबाच्या हातात दिला.

मी मराठीत म्हटलं, माईकवरच म्हटलं, "काका, नीट सांगा. आणि तुमच्या घरात ते कुणाला देत होते, तेही सांगा."

अख्ख्या सभागृहात ते वाक्य फक्त तीन माणसांना कळलं. मला, त्यांना आणि माझ्या मुलीला. काकांनी टाय पुन्हा सारखा केला. ते खाली बसले. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

मग मी इंग्रजीत सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेलं अन्न. माझ्या देशात काही माणसं जेवायची आणि काही माणसांना ते उरलेलं द्यायची, आणि वर म्हणायची, आभार माना. "माझ्या वडिलांनी ते घ्यायचं बंद केलं. मी माझ्या मुलीला ते खायला या देशात आणलेलं नाही."

घंटी वाजली. तीन मिनिटं संपली. हसलं कुणी नाही.

टायपिस्ट म्हणाली, "कुड यू स्पेल दॅट फॉर द रेकॉर्ड, प्लीज?"

मी स्पेलिंग सांगितलं. यू, एस, एच, टी, ए. सावकाश, एकेक अक्षर. ती लिहीपर्यंत सातही जणांना थांबावं लागलं.

मग मतदान झालं. पाच विरुद्ध दोन. बजेट जसंच्या तसं मंजूर. पुस्तकं आली नाहीत, त्या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. गाडीत मुलीनं विचारलं, "सो वुई लॉस्ट?" मी म्हटलं, "हो." तिला खोटं सांगायचं नव्हतं. किडनीचा धडा मी तिला लॅबमधल्या चार्टवरून शिकवला. तिच्या वर्गातली आणखी अकरा मुलं दर शनिवारी आमच्या हॉलमध्ये येऊन बसायला लागली. पण ते बोर्डाचं काम होतं, माझं नव्हे. हे मी त्या मुलांनाही सांगितलं.

त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मी मागून घेतली. ती माझ्याकडे आहे. काऊंटीच्या कागदावर तो शब्द टाइप केलेला आहे, आणि अर्थ मी सांगितला तोच आहे, काकांनी सांगितलेला नाही.

वर्षाअखेर पुस्तक परत करायचं होतं. केलं. देण्याआधी पुठ्ठा उघडून पाहिला. सहाव्या ओळीखाली अजून एक ओळ होती, रिकामी. पुढच्या वर्षी त्या ओळीवर चौथीतल्या कुठल्या तरी मुलाला आपलं नाव लिहायला लावणार होते. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तिथून सरळ पोस्टात गेले. अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज महिनाभर पर्समध्ये पडून होता, तो टाकला. ज्याला मत नाही त्याच्याकडे ते सात जण बघून हसतात. ज्याला मत आहे त्याच्याशी त्यांना बोलावं लागतं. पोस्टाच्या पायरीवरच मनाशी म्हटलं, त्या सात खुर्च्या काही कुणाच्या बापाच्या नाहीत. मी एका खुर्चीवर बसेन, नाही तर माझी मुलगी बसेल, नाही तर लुईसची नात बसेल. तोवर प्रत्येक सभेला मी पहिली उभी राहणार आहे. घंटी वाजली तरी, हसले तरी. मला पुन्हा खाली बसायचं नाही.