डोळे मिटून केलेला प्रचार

माझ्या घरात राजकारणावर बोलायला बंदी आहे. ती मीच घातली आणि मीच मोडली. तीही डोळे मिटून, हात जोडून.

मतदानाआधीचा रविवार. स्थळ, देवपूरमधलं आमचं घर. हजर माणसं आठ: मी, बायको, आमचे दोन मुलगे, जळगावहून आलेली बहीण रूथ, तिचे यजमान याकोबराव, त्यांची मुलगी, आणि साक्रीकडच्या गावाहून आणलेली आई. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. सोमवारी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दुसरा डोळा आधीच गेलेला, म्हणून ती घाबरली होती. तिनंच निरोप धाडला होता की सगळे या, माझ्यासाठी प्रार्थना करा.

याकोबराव डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहेत. माणूस सज्जन, फक्त मत चुकीच्या पक्षाला देतात. (त्यांचंही माझ्याबद्दल नेमकं हेच म्हणणं आहे.) मागच्या निवडणुकीत आमचं इतकं वाजलं की रूथ भरल्या ताटावरून उठली. तेव्हापासून बंदी. या वेळी याकोबराव जिन्यातच म्हणाले, "भाऊ, आज पक्षाचं नाव काढणार नाही." मी म्हणालो, मीही नाही. आम्ही दोघांनीही शब्द पाळला. नाव कुणीच काढलं नाही.

आमच्याकडे प्रार्थना पाळीपाळीनं होते. एक जण मोठ्यानं बोलतो, बाकीचे डोळे मिटून ऐकतात, आणि 'आमेन' होईपर्यंत मध्ये बोलायची सोय नसते. (असा श्रोता कुठल्या पुढाऱ्याला मिळतो?) घरचा यजमान म्हणून सुरुवात माझी. अन्नाबद्दल आभार मानले, पाऊस मागितला, आता अक्काकडे वळायचं, तोच तोंडून निघून गेलं, "आणि प्रभू, खोट्या आश्वासनांना भुलणाऱ्यांना सुबुद्धी दे. मग ते जळगावहून का आलेले असेनात."

पाळी खरं तर रूथची होती. ती याकोबरावांनी घेतली. "दयाळू पित्या, काही जण स्वतःला फार हिशेबी समजतात, पण पाच वर्षांत रस्ता का झाला नाही एवढं विचारत नाहीत. त्यांना धीर दे."

मी 'आणखी एक विनंती' जोडली. रस्त्याचा निधी कुठे अडला आणि कुणी अडवला, हे देवाला तपशीलवार सांगितलं, जणू त्याच्यापर्यंत फाइल गेलीच नव्हती! याकोबरावांनी त्याला तुरीचे भाव कळवले, घाऊक आणि किरकोळ. त्यांच्या मुलीनं ठणकावून 'आमेन' म्हटलं. माझ्या मुलांनी माझ्या वाक्याला त्याहून मोठ्यानं म्हटलं. बायको तर वाक्याच्या मध्येच 'आमेन' म्हणत होती, निदान तिथे मी थांबेन म्हणून. रश्श्यावरचं तेल थिजलं. शेवटी आम्ही दोघं एकदमच प्रार्थना करू लागलो, तेव्हा रूथनं आवाज चढवून प्रभूची प्रार्थना सुरू केली. ती सगळ्यांना म्हणावीच लागते. 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो' या ओळीपाशी दोन पुरुषांचे आवाज फार बारीक झाले.

डोळे उघडले. अक्काचे अजून मिटलेलेच होते.

"अक्का, झाली प्रार्थना," रूथ म्हणाली.

"झायी का? मी तं वाट देखस. मना डोयानी गोट कोणीच नही काढी."

तिच्या डोळ्याची गोष्ट खरंच कुणी काढली नव्हती. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. अर्धी भाकर खाऊन ती आतल्या खोलीत गेली. तिची प्रार्थना तिनं एकटीनंच केली. दाराबाहेरून मला ती ऐकू आली. तिच्यात आम्हा दोघांचीही नावं होती.

सकाळी दवाखान्यात मी आणि याकोबराव बाकाच्या दोन टोकांना बसलो. अक्काला आत न्यायची वेळ आली. तिनं दोन्ही हात पुढे केले, एक मला, एक त्यांना.

"तुम्ही करा प्रार्थना," मी म्हणालो.

"नको भाऊ. माझा मला भरवसा नाही."

"काल मी देवाशी बोलतच नव्हतो, याकोबराव. तुम्हाला टोचत होतो. चुकलं माझं."

ते खाली बघून म्हणाले, "तुरीचा भाव मी तरी त्याच्यासाठी कुठे सांगत होतो?"

मग दोघांनी मिळून एकच वाक्य म्हटलं. त्यात अक्का होती आणि तिचा डोळा होता. दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अक्कानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही दोन्ही सारखाच दिसतस."

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, नजरेत काही दोष तर राहिला नाही ना?

"छे," ते म्हणाले. "आता त्यांना अगदी स्वच्छ दिसतंय."