मिसरीचा तवा

मिसरी भाजायचं काम आमच्या घरी माझं होतं. बिलोलीकडच्या आमच्या गावात बायका दातांना भाजलेल्या तंबाखूची ही पूडच लावायच्या. पानं तव्यावर काळी होईस्तोवर हलवायची, चुरायची आणि जमली का ते आधी आपल्याच हिरडीला लावून बघायचं. "माझ्या लेकीसारखी मिसरी कुनालाच जमत न्हाई," माय शेजारणींना सांगायची आणि मी फुगायचे.

पुढे भोकरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तरी सुट्टीत गावी गेले की तवा चढवायचेच. चाखूनही बघायचे. वर्गात मात्र सांगायचे, की पेशींना वाढायचा हुकूम असतो तसा थांबायचाही असतो. बिघडलेल्या पेशीनं मरून जावं अशीसुद्धा शरीरात सोय असते. तंबाखूनं वर्षानुवर्षं हे हुकूमच खराब होत गेले, की एखादी पेशी कुणाचंच ऐकेनाशी होते आणि वाढतच सुटते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मिसरी सोड म्हटलं की माय हसायची, "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई, बाई." मीही हसायचे.

मग तिच्या गालात पांढरा चट्टा दिसला. "तिखट लागून राहिलं, दुसरं काय न्हाई," ती म्हणाली. दवाखान्यात जाऊ म्हणत म्हणत, सोयाबीनची काढणी आणि माझ्या शाळेच्या परीक्षा यांत पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. "नुसता चट्टा होता तेव्हाच आणायचं होतं, मॅडम," एवढंच ते बोलले. गालाबरोबर जबड्याचा भागही काढावा लागला.

ऑपरेशनला आठवडा झाला होता. मायच्या नाकात नळी, बोलता येत नव्हतं. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं, तव्यावर पानं हलवल्यासारखा हात फिरवला आणि बोट तोंडाला लावलं. मिसरी मागतेय वाटून मी चिडलेच. "माय, आता तरी गं!"

तिनं नाही म्हणून जोरात मान हलवली. माझ्या मोबाईलची बॅटरी लावायला लावली आणि माझी हनुवटी धरली. तेव्हा कळलं. मी तोंड उघडलं. उजवा गाल, डावा गाल, जिभेखाली, सगळं तिनं बोटानं दाबून बघितलं.

"काही नाही गं, माय," मी म्हणाले.

तिनं पुन्हा उजव्या गालापासून बघायला सुरुवात केली.