पुढच्या आवृत्तीतलं नाव

वसुंधरामावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आमच्या शेजारी लेकाकडे राहतात, एवढंच. पण त्यांच्या वतीने मीच चिडते, कारण त्या स्वतः कधी चिडत नाहीत.

पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात त्यांनी एक गाजलेली अमेरिकन कादंबरी मराठीत आणली. शाळेत शिकवून घरी आलं, कुकर लावला, की लिहायला बसायचं, असं दोन वर्षं चाललं. पुस्तकावर नाव मात्र त्यांच्या नवऱ्याचं, जगदीशकाकांचं. ते कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख, आणि प्रकाशकाने काम त्यांना दिलेलं. "पुढच्या आवृत्तीत तुझं नाव घालू," काका म्हणाले. मावशींनी विश्वास ठेवला. पुढची आवृत्ती निघालीच नाही.

ती यंदा निघाली. काकांचा हात थरथरतो, म्हणून नवी प्रस्तावना त्यांनी तोंडी सांगितली आणि मावशींनी आयपॅडवर टाइप केली. आता आपलं नाव येईल, मग येईल, म्हणून त्या वाट बघत होत्या. शेवटी ऋणनिर्देश आला: 'माझ्या सौभाग्यवतीने वेळोवेळी चहा पुरवला.' मावशींनी तेही टाइप केलं. मी असते तर आयपॅड भिंतीवर फेकला असता.

मग मावशी आपल्या लेकाशी, शुभंकरशी बोलल्या. तो म्हणाला, "आई, ह्या वयात कशाला इश्यू करतेस? बाबा किती हॅपी आहेत बघ ना."

इथल्या मराठी मंडळाने काकांचा सत्कार ठेवला. एका मुलीने उठून विचारलं, "काका, अमेरिकन शेतमजुरांच्या तोंडी शेवगावकडची बोली घालायचं तुम्हाला कसं सुचलं? तुम्ही तर गिरगावातले ना?"

शेवगाव मावशींचं माहेर. काका गडबडले आणि सवयीने मावशींकडे वळले, "अगं, ते मला कसं सुचलं होतं?"

ही थट्टा नव्हती. त्यांना आता खरंच तसं वाटत होतं.

मावशी उभ्या राहिल्या. "तुम्हाला नव्हतंच सुचलं," त्या स्पष्ट म्हणाल्या. "ते पुस्तक मी केलंय."

अख्खा हॉल खो खो हसला. "मावशी, लेजंड!" मागून कुणीतरी ओरडलं. काकाही हसले, "बघा, घरी हे असं असतं!"

मग काकांना शाल-श्रीफळ दिलं. मावशींना खुर्चीवर बसवून त्यांची ओटी भरली. आणि काकांनी थरथरत्या हाताने सही करून पुस्तकाची एक प्रत त्यांना भेट दिली.