अंड्यावरचे रोहू

पांढुर्ण्यापासून समुद्र फार लांब आहे. किती लांब, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकात, दुपारी पडवीतल्या खाटेवर आडवा झालो की मी पाच मिनिटांत तिथं पोचत असे. (तिकीट नाही, धक्काबुक्की नाही, आणि जागा कायम खिडकीची!) मी जिनिंगमध्ये कपाशीच्या वजनाचा कारकून. पावसाळ्यात जिनिंग बंद, म्हणजे मीही बंद. मग दुसरं करायचं काय? डोळे मिटायचे, आणि बाहेर संत्र्याची झाडं वाऱ्यानं सळसळली की लाट आली असं समजायचं.

अशातच माझ्या धाकट्या बहिणीला, विमलला, स्थळ आलं. पोरगा मूळचा शेजारच्या सौसरचा, नाव मिलिंद. नोकरी मात्र थेट रत्नागिरीच्या बंदरावर, मासळीची मोजणी करायची, सरकारी! विमलनं त्याला सौसरला जयंतीच्या मिरवणुकीत पाहिलं होतं. तिनं मायला सांगून टाकलं, "हा जमला तर ठीक, नाही तर मले दुसरा दाखवू नका." आमचे बाबा तेव्हा हयात नव्हते. घरचा कर्ता मी. म्हणजे हे लग्न जमवायची सगळी जबाबदारी एका झोपाळू माणसावर होती.

आणि खरं सांगतो, माझाही त्यात स्वार्थ होता. बहीण रत्नागिरीला म्हणजे समुद्र घरचाच!

"माय, पावण्यायले मच्छी करू," मी म्हटलं.

"पोरगी पाहाले येऊन राहिले ते, पंगतीले नाही. पोहे कर!"

"अवं, समुद्रावरचा माणूस तो. पोह्यानं त्याचं काय होते?"

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. जाम नदीला नवं पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. चढणीचे मासे! त्या दिवसांत अंड्यानं भरलेला मासा ज्याच्या ताटात पडला, तो मोठा मानाचा पाहुणा. म्हणून मी भल्या सकाळी आमच्या रामाजीकाकांकडे गेलो. काकांचं जाळं नदीत घाटाच्या जरा वर, या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेलं. त्यांनी मला चार रोहू दिले, एकेक असा टुमटुमीत की पाहतच राहावं. दोन मायनं चिरायला घेतले. दोन जिवंत होते, ते संध्याकाळसाठी न्हाणीतल्या टाक्यात सोडले. टाक्याला कालच चुना लावला होता, तो एकाच्या शेपटीला लागला. मी तिथंच उकिडवा बसून त्यांच्याकडे पाहत राहिलो. पाणी हलत होतं, माझं मन रत्नागिरीला गेलं होतं, आणि पाहुणे दारात उभे होते!

मिलिंद आणि त्याचे काका सौसरच्या बसनं आले. जयभीम झालं, पाणी झालं. विमलनं मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहिलं, त्यानंही पाहिलं. मला वाटलं, जमलं! मग मी ताट आणलं. वर रोहूचा भलामोठा तुकडा, बाजूला तळलेल्या अंड्यांचा ढीग.

मिलिंदनं हात मागे घेतला.

"दादा, हे चढणीचे?"

"मंग! एकदम आजचे!" मी छाती फुगवून म्हटलं.

"मले नाही जमणार."

माझी छाती आपसूक खाली बसली.

"राग नका मानू," तो हळूच म्हणाला. "हे अंडे नाहीत दादा, हे पुढच्या सालचे मासे आहेत. तिकडं दर्यावरची जुनी माणसं पावसात होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी जाळं टाकत नाही. आता मशीनच्या बोटी थांबून नाही राहिल्या. बोटाएवढी पिल्लंबी उचलतात. मी बंदरावर उभा राहून हेच सांगतो अन् दिवसभर शिव्या खातो. अन् इथं येऊन हेच खाऊ?"

स्वयंपाकघरातून मायचा आवाज आला, "मी म्हणून राहिली होती, पोहे कर म्हणून!"

त्याच्या मागोमाग भांडं आपटल्याचा आवाज आला. विमल! पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, आणि मी ती तळून काढली होती.

मी ताडकन उठलो. "पावणे, दोन अजून जित्ते आहेत! आत्ता नदीत सोडतो. चला, तुमच्याच डोळ्यांपुढं!"

निघाली वरात! पुढे बादली घेऊन मी, मागे मिलिंद, त्याचे काका, माय, आणि डोळे पुसत विमल. घाटावर आभाळ उतरल्यासारखं झालं होतं. नदी संथ, गढूळ, पलीकडच्या काठावर धुकं. मी पायरीवर उभा राहिलो आणि मला वाटलं, हाच समुद्र. वाकून म्हणालो, "जा मायांनो, जा!" आणि बादली उलटी केली.

रोहू शहाणे निघाले. सरळ वर चढायला लागले.

मी हात जोडून, डोळे मिटून उभा. एवढ्यात वरून रामाजीकाकांची आरोळी आली, "सुधाकरभाऊऽ! सकाळच्यासारखेच आणखी दोन घावले बाप्पा! पायजेत का?"

डोळे उघडून पाहिलं, तर जाळ्यातल्या एकाच्या शेपटीला चुना होता.

"काका, सोडा त्यायले!" मी ओरडत धावलो. शेवाळावर पाय पडला आणि बादलीसकट मी कंबरभर पाण्यात! मिलिंदचे काका तोंड फिरवून हसायला लागले. मिलिंद हसला नाही. मला तर तिथंच बुडून जावंसं वाटलं.

तेव्हा विमल पुढे झाली. लुगडं खोचलं, पाण्यात शिरली आणि जाळ्याच्या खुंटाला हात घातला.

"रामाजीकाका, जाळं काढा."

"कावून वं बाई? अन् मी खाऊ काय?"

"पोटुशी बाई माहेरी चालली तर तिची वाट कोणी अडवते का? आज हे खासान, तर दिवाळीले काय बेडकं पकडसान?"

"पण रोजचा धंदा हाय माह्या..."

"शनिवारी टाकता का जाळं?"

"छे! शनिवारी मी जामसावळीले जातो, हनुमानाच्या दर्शनाले. शनिवारी जीव नाही मारत."

"मंग पंधरा दिवस रोज शनिवार समजा!"

रामाजीकाका खो खो हसले. "वकील व्हाले पायजे होतं वं तुले!" पंधरा दिवसांवर ते काही आले नाहीत, पण अर्धी नदी मोकळी सोडायला तयार झाले. दोन्ही रोहू जाळ्यातून निसटून वर गेले.

मिलिंद काठावरून म्हणाला, "दोन सालापासून बंदरावर घसा फोडून राहिलो मी. इनं एका शनिवारात काम केलं!" मग मायकडे वळला. "मावशी, माझ्याकडून पक्कं."

विमल पाण्यातच लाजली. मी अजून कंबरभर पाण्यातच होतो, मला बाहेर काढायचं कोणाच्या लक्षातच नव्हतं. पण मला काही वाटलं नाही. पोरीच्या तोंडावर हसू आलं होतं, आणि मी रडत होतो.

लग्न झालं आणि समुद्र घरचा झाला. जिनिंग बंद झाली की मी दर साली रत्नागिरीला जातो. तासन् तास लाटांकडे पाहत बसतो. खाटेवरच्या समुद्रापेक्षा तो पुष्कळ मोठा निघाला! पण माझी सुटी पावसात, आणि पावसात विमलच्या घरी मासळीला बंदी. "दादा, अंड्यावरची असते नं," म्हणत ती मला वरणभात वाढते. परत आलो की जिनिंगमधले सगळे भोवती जमतात. "सुधाकरभाऊ, समुद्राचा पापलेट कसा लागते गा?"

मी डोळे मिटतो आणि पाऊण तास सांगतो. खारट लागतो की गोड, ते मात्र एकदा विमलला विचारून घ्यायचं राहिलं आहे.